शून्य नंबरचे चष्मे

तज्ज्ञांना 'तज्ज्ञ' हे नाव त्यांच्या थोरल्या बहिणीने ठेवलं, आणि ते आदराने ठेवलेलं नव्हतं. शाळेत असताना एकदा घरातलं घड्याळ बंद पडलं. यांनी ते खोललं, आत काय बिघडलंय यावर घरादाराला व्याख्यान ऐकवलं, आणि चाकं टेबलावर तशीच पसरून खेळायला निघून गेले. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, हे कुणी केलं. ताई म्हणाली, "तज्ज्ञांनी." तेव्हापासून तज्ज्ञ आले, तज्ज्ञ जेवले, तज्ज्ञ रुसले, असंच घरात बोललं जाऊ लागलं. पुढे बायको आली, तिनेही तोंडावर 'अहो' आणि पाठीमागे 'तज्ज्ञ' अशी सोयीची वाटणी करून घेतली. स्वतः तज्ज्ञांचा मात्र प्रामाणिक समज असा, की घरच्यांना उशिरा का होईना, आपली पारख झाली.

कोणतीही गोष्ट सुरू करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुरी करणं हे त्यांच्या मते सामान्य लोकांचं काम. नव्या घरात राहायला गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारं नव्हती. "नंतर बसवू," म्हणाले. दारं अजून यायची आहेत, तोवर बायकोने तिथे पडदे लावले आणि पडद्यांचीही दोनदा बदली झाली. दाराबाहेर पाटीसाठी चार खिळे ठोकले, पाटी नंतर. मुलगी झाली तेव्हा नाव काय ठेवायचं यावर त्यांनी इतका सखोल विचार सुरू केला, की पोर शाळेत जायला लागेपर्यंत 'बाळ'च राहिली. शेवटी शाळेच्या बाईंनी दमात घेतलं तेव्हा बायकोनेच एक नाव सांगून टाकलं. ते चांगलं नाव आहे, पण घरात कुणाच्या तोंडी बसलं नाही. आता कॉलेजात जाणारी, बापापेक्षा उंच झालेली ती मुलगी 'बाळ' अशी हाक आली की खाऊ की गिळू असं बघते.

तर अशा या गृहस्थांना पगार मिळायचा तो प्रोग्रॅम लिहिण्याचा. फरश्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली दिवसभर फरशी कापण्याचा आवाज आणि वर त्यांचा. कंपनी चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करायची. गिऱ्हाईक दुकानात आलं, फ्रेम पसंत केली, नंबर दिला, की काउंटरवरची मुलगी ते सगळं संगणकात भरणार. संध्याकाळी त्या दिवसाच्या ऑर्डरी आपोआप काचा घासणाऱ्या कारखान्याकडे जाणार. काच घासून आली की दुकानातलं एक यंत्र ती तपासून बघणार. ऑर्डरीतला नंबर आणि काचेतला नंबर जुळला, की पडद्यावर हिरवी खूण. हा सगळा डोलारा तज्ज्ञांनी उभा केलेला होता, आणि त्यामुळे त्यांना जगातल्या यच्चयावत माणसांबद्दल एक शांत, भरीव तुच्छता वाटायची. काउंटरवरच्या मुली म्हणजे बोटं असलेली झाडं. दुकानदार म्हणजे झाडांचे मालक. ऑफिसात नव्याने लागलेली पोरं म्हणजे तर अजून उगवायची होती.

आता या प्रकरणात त्यांनी नेमकी कुठे माती खाल्ली, ते समजायला प्रोग्रॅमच्या पोटात जरा डोकवायला हवं. फार खोल नाही.

दुकानात जसा खरा चष्मा, तसा प्रोग्रॅममध्ये त्याचा एक जुळा भाऊ असतो. नव्या ऑर्डरीचं बटण दाबलं की हा भाऊ संगणकाच्या आत जन्माला येतो. जन्माला येतानाच त्याच्या अंगावर काय काय असावं, उजव्या डोळ्याचा नंबर किती, डाव्याचा किती, गिऱ्हाइकाचं नाव काय, हे ठरवणारा जो प्रोग्रॅमचा तुकडा सर्वांत आधी चालतो, त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. शहाणी माणसं त्याला दारावरच्या खमक्या बाईसारखा लिहितात. नंबर आणलाय? नाव आणलंय? नाही? मग चष्मा जन्माला येणार नाही, नंतर या. पण समजा तुम्ही कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही, तर तज्ज्ञ ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत ती भाषा स्वतःच एक फुकटचा, रिकाम्या हाताचा कन्स्ट्रक्टर पुरवते. तो कुणालाच काही विचारत नाही. जिथे शब्द हवा तिथे काहीच ठेवत नाही आणि जिथे आकडा हवा तिथे मुकाट्याने शून्य ठेवतो.

तज्ज्ञांनी अर्थातच कन्स्ट्रक्टर लिहिला नव्हता. चष्मा जन्माला येऊ दे, नंबर नंतर भरता येतो.

कंपनीत प्रोग्रॅम तपासायला एक बाई होत्या. त्यांना सगळे टेस्टरबाई म्हणत. डबा खाताना सुद्धा त्या पोळी उलटून पालटून बघत. त्या एकदा तज्ज्ञांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, हा चष्मा नंबराशिवायच जन्माला येतोय."

"येऊ दे की. नंतर भरतात."

"आणि नाही भरला तर?"

"नाही कसा भरणार? चष्मा काय लोक कान लपवायला घेतात?"

"नाव भरायचं राहिलं तर प्रोग्रॅम बंद तरी पडतो. नंबर राहिला तर काहीच होत नाही. शून्य बसतं."

"मग बरंच आहे. बंद पडत नाही ना?"

"सर, शून्य हाही नंबर असतो. नंबर शून्य आहे आणि नंबर दिलाच नाही, हे नंतर वेगळं कसं ओळखायचं?"

तज्ज्ञांनी खुर्ची वळवली. "तुम्ही किती वर्षं आहात या धंद्यात?"

"त्याचा काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं," तज्ज्ञ म्हणाले आणि खुर्ची परत वळवली. वादात हरायची वेळ आली की ते समोरच्याचं वय किंवा अनुभव सहज विचारत. नाव राहिल्यावर प्रोग्रॅम बंद पडतो ही तक्रार मात्र त्यांनी मनावर घेतली. नावाच्या जागी त्यांनी जन्मतःच एक कोरा शब्द ठेवून दिला. आता नाव नसलं तरी प्रोग्रॅम हूं की चूं करेना. आजार राहिला तो राहिला, निदान रोग्याचं कण्हणं बंद केलं.

मग अधूनमधून दुकानांचे फोन येऊ लागले. गिऱ्हाईक म्हणतं, नव्या चष्म्यातून दिसत नाही. तज्ज्ञ विचारायचे, यंत्रावर हिरवी खूण आली का? आली. मग चष्मा बरोबर आहे. नवा चष्मा आहे, सवय व्हायला वेळ लागतो, असं सांगा त्यांना. दुकानांना हे वाक्य इतकं आवडलं, की पुढे पुढे फोनच येईनासे झाले. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत काउंटरवरून उत्तर यायचं, सवय होईल. तज्ज्ञांनी फोन थांबले याचा अर्थ तक्रारी थांबल्या असा लावला, आणि टेस्टरबाईंकडे जाता येता एक विजयी दृष्टी टाकू लागले.

थोरली बहीण, म्हणजे ताई, शिवणकाम करायची. तिच्या दोन खोल्यांतली पुढची खोली मशीनची. खिडकीखाली मशीन, बाजूला कापायचं लांब टेबल, भिंतीवर खुंट्यांना अर्धे शिवलेले झगे आणि कोट, आणि जमिनीवर चिंध्यांचा असा थर की अनवाणी चाललं तरी पाय गार पडू नयेत. दाजी गेल्यावर तिने याच मशीनवर घर चालवलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. तिच्या हाताची टीप इतकी सरळ, की गावातल्या बायका जुना झगा उसवतानाही हळहळायच्या. तज्ज्ञांबद्दल तिचं मत लहानपणी बनलं होतं आणि ते बदलण्याचं कारण त्यांनी कधी पुरवलं नव्हतं.

तिचा जुना चष्मा पडून फुटला. डॉक्टरांनी नंबर वाढल्याचं सांगून चिठ्ठी दिली. तज्ज्ञ म्हणाले, चल, आपलं सॉफ्टवेअर आहे त्या दुकानात नेतो, तिथे चूक व्हायची सोयच नाही. दुकानात पोचल्यावर ताईच्या लक्षात आलं, की चिठ्ठी घरीच राहिली.

"परत जाऊन आणते."

"काही नको," तज्ज्ञ काउंटरवर कोपर टेकून म्हणाले. "तू फ्रेम निवड. नंबर नंतर भरता येतो. मीच करून ठेवलीय ती सोय. तू घरी गेल्यावर चिठ्ठीचा फोटो मला पाठव, मी यांना कळवतो."

ताईने घरी जाऊन फोटो पाठवला. तज्ज्ञांनी तो बघितला, हं म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला. कळवू नंतर.

चष्मा आला. ताईने तो लावून सुईत दोरा ओवायला घेतला, तर दोरा सुईच्या आजूबाजूला फिरून परत आला. ती दुकानात गेली. मुलीने चष्मा यंत्रात घातला, हिरवी खूण दाखवली आणि म्हणाली, "सवय होईल, काकू." ताईने सवय करून बघितली. दिव्याखाली बसली, खिडकीत बसली, कापड नाकाला लावून बसली. टीप वाकडी जायची ती जायचीच. चष्मा बरोबर आहे हे यंत्राने सांगितलं, दुकानाने सांगितलं, भावाने तर आधीच सांगितलं होतं. मग चूक राहिली कुठे? डोळ्यांत. आपले डोळे गेले, असं तिने मनाशी ठरवलं आणि कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला मशीन विकत घ्यायला सांगितलं. आपण वाकडं शिवायचं आणि लोकांनी कीव करून घालायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

मशीन न्यायच्या दिवशी तिने तज्ज्ञांना आणि वहिनीला बोलावलं. मदतीला म्हणून नव्हे, तज्ज्ञांची मदत ती कशाला मागेल. एवढ्या वर्षांचं मशीन घरातून जाणार, तर कुणीतरी घरचं असावं. दोघं आली तेव्हा लाँड्रीवाला आपल्या माणसाला घेऊन दारात उभा होता आणि मशीन जिन्यातून उभं न्यायचं की आडवं, यावर त्यांचा वाद चालला होता.

"वन्सं, असं अचानक?" तज्ज्ञांची बायको म्हणाली.

"दिसत नाही मला. नव्या चष्म्याने सुद्धा नाही. डोळे संपले."

तज्ज्ञांना वाईट वाटलं, पण त्याआधी राग आला. चष्म्याबद्दल बोलणं म्हणजे त्यांच्याबद्दल बोलणं. "चष्म्याला काय झालंय? आण इकडे." त्यांनी ताईच्या हातातून चष्मा घेतला, खिशातून रुमाल काढून पुसला आणि स्वतः डोळ्यांवर चढवला. तज्ज्ञांना चष्मा नव्हता. पन्नाशी गाठली तरी डोळे खणखणीत, हा त्यांचा आणखी एक अभिमानाचा विषय. कापायच्या टेबलावर दोऱ्यांचा एक डबा होता. त्यांनी तो उचलला आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवायला सुरुवात केली.

"शंभर टक्के सुती. थंड पाण्यात धुवावे. इस्त्री मध्यम. हे बघ, आरशासारखं स्वच्छ दिसतंय. ब्लीच वापरू नये. अगं, चष्म्याशिवाय मला जेवढं स्पष्ट दिसतं ना, अगदी तेवढंच..."

आणि तज्ज्ञ थांबले.

त्यांनी चष्मा काढला. डबा बघितला. चष्मा घातला. डबा बघितला. परत काढला. ज्या माणसाला नंबर नाही त्याला दुसऱ्याच्या वाढलेल्या नंबराच्या चष्म्यातून भोवळ यायला हवी, अक्षरं फुगायला हवीत, फरशी वर यायला हवी. इथे तर काहीच होत नव्हतं. डोळ्यांपुढे खिडकीची काच धरावी तसं.

पुढचं सगळं त्यांना एका झटक्यात समजलं. फोनमधला चिठ्ठीचा फोटो, न केलेला निरोप, कुणालाही काही न विचारता जन्माला आलेला तो चष्मा, उजव्या डोळ्यावर शून्य, डाव्यावर शून्य, कारखान्याने इमानेइतबारे घासलेली साधी काच, आणि शून्याला शून्य जुळल्यावर आलेली हिरवी खूण.

गप्प राहणं शक्य होतं. कुणाला काही कळलं नव्हतं. दुसरा चष्मा करून आणायचा आणि 'हा बघ, जरा भारी काचेचा' म्हणून द्यायचा. पण तोवर लाँड्रीवाल्याच्या माणसाने मशीनचा पाय धरला होता.

"थांबा," तज्ज्ञ म्हणाले. "खाली ठेवा ते."

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काच साधी आहे. या चष्म्यात नंबरच नाही."

"म्हणजे?"

तज्ज्ञांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की प्रोग्रॅममध्ये एखादी वस्तू तयार होते, तेव्हा तिच्यात सुरुवातीच्या किमती कुणीतरी घालाव्या लागतात. त्या जर घातल्या नाहीत, तर भाषा तिच्या पद्धतीने शून्य धरते. आता शून्य ही किंमतही असू शकते आणि किमतीचा अभावही..."

"तू नंबर कळवला नाहीस," ताई म्हणाली.

"मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की प्रोग्रॅमने मला अडवायला हवं होतं."

"कुणी लिहिलाय प्रोग्रॅम?"

लाँड्रीवाल्याने मशीनवरून हात काढला आणि उगाचच भिंतीवरच्या कोटाचं अस्तर बघू लागला. बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं वाटावं, पण ती रडत नव्हती.

"मी आंधळी झाले असं समजून बसले होते," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रात्री पडल्या पडल्या डोळे मिटून घरात चालायची सवय करायला हवी, असा विचार करत होते. आणि तू काय करत होतास?"

तज्ज्ञांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि तो टेबलावर ठेवला. 'नंतर सांगतो' असं म्हणायची जन्मात पहिल्यांदाच त्यांना हिंमत झाली नाही.

लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, मशीन राहू द्या मग. मला काय, दुसरं बघेन." आणि जाता जाता तज्ज्ञांकडे एकदा असं बघून गेला, की डाग जाणार नाही हे कपडा हातात घेताच कळावं.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी कन्स्ट्रक्टर लिहिला. दोन्ही डोळ्यांचे नंबर हातात दिल्याशिवाय तो चष्मा जन्माला येऊ देईना. खरोखरच बिननंबरचा हवा असेल, तर तसं वेगळं स्पष्ट सांगायचं. संध्याकाळपर्यंत दुकानांचे संतापलेले फोन आले. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवावं लागतं, आधी किती सोपं होतं. तज्ज्ञ प्रत्येकाला "सवय होईल" म्हणणार होते, पण शब्द ओठांवरच अडले.

टेस्टरबाई मात्र तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या.

"सर, आजवर दोन्ही शून्य असलेले जे चष्मे गेले, त्यांचं काय?"

"त्यातले काही खरेच शून्याचे असतील. लोक ऐटीसाठी घेतात."

"कोणते खरे?"

"ते प्रोग्रॅमवरून सांगता येणार नाही," तज्ज्ञ म्हणाले. हे आपण आधीच सांगितलं होतं, असं बोलून दाखवण्याची सुद्धा टेस्टरबाईंना गरज वाटली नाही. त्यांनी फोन उचलून तज्ज्ञांच्या पुढ्यात ठेवला.

पहिली एक मुलगी निघाली. "हो, मुद्दामच बिननंबरचा घेतलाय, मुलाखतीत हुशार दिसते. का, काय झालं?" तज्ज्ञांना हुरूप आला. दुसरे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर होते. रस्त्यावरच्या पाट्या हल्ली पुसट रंगवतात, अशी त्यांनी वरपर्यंत तक्रार केलेली होती. तिसऱ्या, एक म्हाताऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "वाचन सोडलं हो मी. वयाप्रमाणे व्हायचंच, असं म्हटलं." त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, आणि तज्ज्ञांना हेच सहन होईना. एकानेही चष्म्याला दोष दिला नव्हता. ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांना बोल लावला होता.

"पुढचा, सर," टेस्टरबाई म्हणाल्या.

ताईचा खरा चष्मा आला तेव्हा तज्ज्ञ स्वतः घेऊन गेले. तिने तो लावला, सुई घेतली, आणि दोरा पहिल्या खेपेला आरपार गेला. तज्ज्ञांना वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही. खुंटीवरचा एक कोट काढून तिने त्याची बाही उजेडात धरली. मग दुसऱ्या कोटाची. आंधळेपणाच्या दिवसांत मारलेल्या टिपा ती पहिल्यांदाच नीट बघत होती. वाकड्यातिकड्या, कुठे कापडाबाहेर गेलेल्या, एक काज तर बटणाच्या वाटेलाही नव्हतं.

"असलंच मी लोकांनाही शिवून दिलं," ती म्हणाली. "सहा-सात घरी. आणि एकीने सुद्धा मला सांगितलं नाही. कीव केली माझी."

"जाऊ दे ना ताई, आता दिसतंय ना..."

"पिशवी घे ती मोठी. सगळे परत आणायचे. उसवून पुन्हा शिवून देणार."

"मी कशाला?"

"का वाकडं शिवलं गेलं, हे त्यांना कोण सांगणार? मी?"

पहिलं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार एका जाड्या, हसऱ्या बाईने उघडलं. ताईला बघून तिने घाईघाईने हात बाहीवरून फिरवला. वाकडी टीप झाकायला. ते ताईने नव्या चष्म्यातून नीट बघितलं, आणि भावाला कोपराने पुढे ढकललं.

"नमस्कार," तज्ज्ञ म्हणाले. "त्याचं काय झालं, की एखादी वस्तू जेव्हा जन्माला येते..."

"थोडक्यात," ताई म्हणाली.

तज्ज्ञांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हिच्या चष्म्याचा नंबर मी कळवायला विसरलो. म्हणून तुमचा झगा बिघडला. यात हिची चूक नाही."

बाईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा ताईकडे बघितलं. मग ती झगा बदलायला आत गेली, आणि जाताना सुटलेला तिचा निःश्वास बाहेरपर्यंत ऐकू आला.

"चल," पिशवीत झगा पडल्यावर ताई म्हणाली. "पुढच्या घरी आवाज जरा मोठा काढ. त्यांना ऐकायला कमी येतं."